‘कन्यादान’ : सुधारणेचे मोल कोणी मोजावे?

विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ हे नाटक १९८३ सालचे. याच नाटकासाठी त्यांना १९९३ चा सरस्वती सन्मान लाभला. बायकोला मारणारा नवरा म्हणून त्यांनी दलित कवी रंगविला, यावर झालेली टीका आम्ही गंभीर मानतो. बायकोवर हात उचलणे ही कोणा एका जातीची मिरास नव्हे; अंधेरी-बोरिवलीच्या धर्मग्रामांतील घरेही त्याला अपवाद नाहीत. तथापि नाटकाचा गाभा आम्हांस निराळा दिसतो. मारणारा माणूस सुधारू शकतो काय, आणि सुधारणार असेल तर त्याचे मोल कोणी मोजावयाचे, हा तो प्रश्न होय.

नाथ देवळालीकर हे समाजवादी नेते. त्यांची कन्या ज्योती ही अरुण आठवले या कवीशी विवाह करू इच्छिते, तेव्हा आपला ध्येयवाद घरातच फळाला आला म्हणून ते हर्षभरित होतात. पत्नी सेवा आणि पुत्र जयप्रकाश मात्र साशंक आहेत. विवाहानंतर ज्योती मार खाऊन माहेरी परतते. अरुण मद्याच्या अमलात मागोमाग येतो, क्षमा मागतो, स्वतःच्या हातांनाच शासन करण्याची भाषा बोलतो. आणि ती पुन्हा त्याच्याबरोबर जाते.

हा प्रवेश आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. अरुणचे दुःख कदाचित खोटे नसेल. त्याने पाहिलेले दारिद्र्य, अपमान आणि घरातली मारहाण हेही खरेच. परंतु कारण सांगता सांगता तो त्याचीच सबब करतो. त्याच्या पश्चात्तापाला पुढचे पाऊलच नाही. नाथांनाही ते सुचत नाही. अरुणच्या उद्धाराचे साधन म्हणून त्यांच्यापाशी एक मुलगीच आहे. अखेरीस ज्योती पित्याला सुनावते, की माणूस आणि त्याच्यातील पशू वेगळे काढता येत नाहीत. तिचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. तिचा अनुभव मात्र नाकारता येत नाही. भाबडी आशा आणि पूर्ण निराशा या दोनच वाटा तेंडुलकर दाखवितात. तिसरी वाट नाटकाबाहेरच राहिली, ही त्याची मर्यादा होय.

ती वाट आपल्या प्रायश्चित्त संस्कारात आहे. तेथे अश्रू पुरेसे नसतात. पापाची कबुली आणि भरपाईही लागते. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या नवव्या पायरीतही दुखावलेल्यांची भरपाई करावयाची असते, पण त्यामुळे त्यांना पुन्हा इजा होणार नसेल तरच. क्षमा म्हणजे लागलीच एकत्र नांदणे नव्हे. १९८३ च्याच धर्मसभेच्या कायदेसंहितेतील ११५३ व्या कलमानुसार, जोडीदारापासून स्वतःला वा मुलांना शरीराचा किंवा मनाचा गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्यास रास्त कारण मिळते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लेतित्सिया’मध्ये असे वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे म्हटले आहे.

देशाचा कायदाही आता याच दिशेने बोलतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या १४ व्या कलमान्वये न्यायाधीश समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. २००६ च्या नियमांनुसार त्यात पतीने हिंसा न करण्याची हमी द्यावयाची असते, आणि केलेल्या हिंसेचे समर्थन तेथे ऐकून घेतले जात नाही. अरुणला नेमके हेच कोणी सांगितले नाही. मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’ अर्थात ‘मावा’ने तर स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुरुषांनीच उभे राहावे, असा आग्रह धरला.

म्हणून हे नाटक आमच्या कुटुंबांनी अवश्य वाचावे. ‘तूच त्याला सुधारशील’ असे सांगून मुलीला परत धाडणारे नाथ मुलुंड-घाटकोपरच्या घरांतही भेटतात, आणि तेही बहुधा सज्जनच असतात. मारणाऱ्याला जाब विचारणे, त्याला समुपदेशकाकडे नेणे, त्याच्यावर लक्ष ठेवणे हे काम वडीलधाऱ्यांचे, मित्रांचे आणि धर्मग्रामाचे आहे. तोवर तिला सुरक्षित छप्पर मिळाले पाहिजे. तो खरोखर बदलला किंवा कसे, याची साक्ष मात्र तिचीच मानावी. आणि बदलल्यानंतरही परत जावे की नाही, हे तिनेच ठरवावे.