जनुकाचा पत्ता: तालुका की घर?

मेंडेलचा वाटाणा एकतर उंच असतो, नाहीतर बुटका. शाळेतला धडा तिथेच संपतो. शेतकऱ्याला ज्यांच्याशी काम पडते ते गुण मात्र असे दोन खणांत बसत नाहीत. दाण्याचे वजन किंवा फुलोऱ्याचा काळ ठरवण्यात अनेक जनुके थोडाथोडा वाटा उचलतात आणि हवामान त्यात भर घालते. अशी जनुके गुणसूत्रावर कुठे आहेत हे शोधण्याच्या दोन पद्धती आहेत. त्यांच्याविषयी 'जुनी ढोबळ, नवी अचूक' असे सहज म्हटले जाते. आम्हाला ते पटत नाही.

जुनी पद्धत संकराची. दोन भिन्न वाणांचा संकर करायचा, शेदोनशे संतती वाढवायची आणि प्रत्येक रोपात कोणत्या पालकाचा डीएनए कुठे आला ते ठरावीक खुणांवरून पाहायचे. खूण आणि गुण जोडीने चालत असतील तर जनुक त्या खुणेच्या आसपास असणार. कार्ल सॅक्सने १९२३ मध्ये घेवड्याच्या बियांचा रंग ही खूण धरून आकारमानाचा माग असाच काढला. १९८८ मध्ये पॅटरसन व सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या सर्व गुणसूत्रांवरील रेणवीय खुणा घेऊन तोच तर्क चालवला.

पण एखाद-दोन पिढ्यांत गुणसूत्रांची अदलाबदल थोडीच होते. त्यामुळे तुकडे लांब राहतात, पत्ता तालुक्यापर्यंतच लागतो, आणि त्या तालुक्यात शेकडो जनुके नांदत असतात. शिवाय दोन पालकांत जे वेगळे आहे तेवढेच दिसते. बीव्हिसने १९९० च्या दशकात आणखी एक खोट दाखवली: संतती शंभराच्या आसपास असेल तर सापडलेल्या जनुकांचा प्रभाव प्रत्यक्षाहून बराच फुगलेला दिसतो.

नव्या पद्धतीत संकर करावा लागत नाही. शेकडो वेगवेगळे वाण घ्यायचे. त्यांच्या पूर्वजांत असंख्य पिढ्या अदलाबदल होत आलेली असल्याने तुकडे लहान असतात आणि पत्ता घराच्या जवळ पोचतो. मात्र इथे नातेसंबंध फसवतात. समजा, वर्गात उशिरा येणाऱ्या मुलांत एकच आडनाव जास्त आढळले. ती सारी एका लांबच्या गावची आहेत आणि त्यांची एसटी उशिरा येते. आडनावाचा दोष काय? थंड प्रदेशातला मका लवकर फुलतो आणि तिथले वाण एकमेकांचे नातलग असतात. त्यांच्यात सामाईक असलेली कुठलीही खूण लवकर फुलण्याशी जोडलेली भासते.

मक्यातील ड्वार्फ८ या जनुकाचे उदाहरण बोलके आहे. २००१ मध्ये थॉर्न्सबेरी व सहकाऱ्यांनी ९२ वाण तपासले, नात्याचा हिशेब वजा केला आणि हे जनुक फुलोऱ्याच्या काळाशी जोडले. वनस्पतींतील नव्या पद्धतीचा हा पायाच मानला गेला. २०१३ मध्ये फेरतपासणी झाली तेव्हा लार्सन व सहकाऱ्यांना ती वजाबाकी अपुरी असल्याचे आढळले. वजाबाकी जास्त केली तरी पंचाईत, कारण खरे जनुकही नात्याबरोबरच चालत असेल तर तेही गळून पडते. दोन्ही पद्धती एकत्र करणे हा एक मार्ग. मक्याचे २५ वाण बी७३ या एकाच वाणाशी संकरित करून सुमारे ५,००० वंशरेषा तयार झाल्या. २००९ मध्ये त्यांतून दिसले की फुलोऱ्याचा काळ एखाद्या मोठ्या जनुकाच्या हाती नसून पुष्कळ लहान लहान जनुकांच्या हाती आहे. खर्च मात्र सगळ्यांना झेपणारा नाही.

आणि पैदासकाराला दर वेळी घराचा पत्ता लागतोच असेही नाही. ओडिशातला एफआर१३ए हा भात सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. हा गुण मोजक्याच वाणांत असतो, आणि जे दुर्मीळ असते ते नव्या पद्धतीच्या नजरेतून सहज निसटते. १९९६ मध्ये झू आणि मॅकिल यांनी एफआर१३ए पासून आलेल्या वाणाचा साधा संकर वापरून नवव्या गुणसूत्रावर 'सब१' ही जागा शोधली. नेमके जनुक २००६ मध्ये ओळखले गेले, पण त्याआधीच जवळच्या खुणांच्या आधारे तो तुकडा स्वर्णा या लोकप्रिय भातात, पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर करून, आणण्याचे काम सुरू झाले होते. २००९ मध्ये स्वर्णा-सब१ हा वाण भारतात प्रसारित झाला.