पिंजरा कोणाचा?

चौकहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर नितीन देसाई यांनी 2005 साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे, आणि त्याच खालापूर तालुक्यात महडला अष्टविनायकांपैकी वरदविनायक. संकष्टी न चुकवणारा एखादा विधुर आणि शूटिंगसाठी आलेली नामवंत नटी यांची गाठ पडावी, प्रेम जुळावे, अशी कथा लिहायला याहून सोयीची जागा नाही. ती कुणी लिहायला घेतली, तर मराठी पडद्याने आधीच घडवून ठेवलेला साचा त्याने तपासून पाहावा, असे मला वाटते. त्या साच्यात प्रश्न एकच असतो : बिचाऱ्या भल्या माणसाचे पुढे काय झाले?

1947 सालचा ‘लोकशाहीर राम जोशी’ घ्या. सोलापूरच्या पुराणिकांच्या घरातला मुलगा तमाशाच्या फडात रमतो, घराला मुकतो. चित्रपटाचे नाव त्याचे, पतन त्याचे आणि सावरणेही त्याचेच. हंसा वाडकर यांनी रंगवलेली बया प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरली. पण कथेच्या हिशेबात ती शाहिराच्या वाटेवरचे एक वळण ठरते.

‘पिंजरा’ (1972) हा साचा टोकाला नेतो. गावाला सन्मार्गाला लावणाऱ्या गुरुजींना तमाशाच्या बोर्डावर उभे करीन, हातात तुणतुणे देईन, असा चंद्रकलेचा पण असतो. तो ती पुरा करते. आणि मग त्याच माणसावर जीव लावते. इकडे गाव गुरुजींना मेलेले समजून पूजत राहते आणि शेवटी जिवंत गुरुजींना गुरुजींच्याच खुनासाठी फाशी होते. डॉ. श्रीराम लागूंचा अभिनय आणि शंकर पाटलांचे संवाद यांमुळे ही शोकांतिका आजही अंगावर येते. कथेचे मूळ जर्मन आहे. ‘द ब्लू एंजल’ (1930) या चित्रपटामागे हाइनरिश मान यांची 1905 सालची कादंबरी आहे आणि तिच्यातला शिक्षक विधुर आहे. म्हणजे विधुर गृहस्थ आणि रंगमंचावरची बाई ही जोडी आपल्याकडे आली ती नीतीची परीक्षा होऊन. परीक्षार्थी पुरुष, आणि बाई म्हणजे प्रश्नपत्रिका.

कुणी म्हणेल, चंद्रकलेलाही प्रेम आणि पश्चात्ताप दिला आहेच. दिला आहे, पण तिचे प्रेम खरे ठरते ते तिने त्याच्यासाठी काय सोसले यावरून. त्याच्याबरोबर तिला कसले आयुष्य हवे होते, हे चित्रपट तिला विचारत नाही.

ते सांगितले बयेची भूमिका करणाऱ्या बाईंनीच. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले. ते आधी ‘माणूस’मधून आणि 1970 साली पुस्तकरूपाने आले. नाव घेतले त्यांच्याच 1959 सालच्या, पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये 131 आठवडे चाललेल्या चित्रपटाचे. ‘विजयाची लग्ने’ (1936) केला तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या कमाईवर घर चाले. पण आपले म्हणावे असे घर त्यांना लाभले नाही. पुढे सगळे मागे टाकून त्या एका गृहस्थाबरोबर मराठवाड्यातल्या गावी गेल्या आणि तिथे त्याची तिसरी बायको म्हणून राहिल्या. तो विधुर नव्हता. म्हणून हे उदाहरण आपल्या कथेशी तंतोतंत जुळत नाही. पण नटीला साध्या, कुळाचार पाळणाऱ्या घराची ओढ का लागते आणि त्या घरात तिचे काय होते, याचा एवढा उघड जबाब मराठीत मला दुसरा माहीत नाही.

श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मध्ये (1977) हा भाग फार समजुतीने आला आहे. स्मिता पाटील यांची उषा काळ्यांच्या वाड्यात येते ती फसून नव्हे, आपल्या मर्जीने. अंथरुणाला खिळलेली सवत, सासू, लहान मुलगा. या सगळ्यांत ती रमते. कॅमेऱ्यापुढे न करता येणारी एकच भूमिका, साध्या गृहिणीची, तिला इथे मिळते. अमरीश पुरींचा काळे आरडाओरडा करणारा खलनायक नाही. त्याचे वागणे अदबीचे आहे. मुलाला घेऊन जत्रेला जावे असे तिच्या मनात येते, तेव्हा कळते की परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. घराच्या रीतीत तिचा अपवाद नाही. सुटका करायला यावे लागते ते ज्याला सोडून आली त्या नवऱ्याला, पोलीस घेऊन.

इथे मला हंसाबाईंची आणखी एक भूमिका आठवते. प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये (1941) त्या सखू झाल्या होत्या. पंढरीला निघालेल्या सखूला सासरचे बांधून ठेवतात. विठ्ठल तिच्या जागी उभा राहतो आणि ती वारीला जाते. भाविक प्रेक्षकांनी या सुटकेला हात जोडले. तेच प्रेक्षक नटी घरात बसली की म्हणतात, चला, मार्गी लागली. सखूचे बांधलेपण आपल्याला अन्याय वाटते, नटीचे बांधलेपण सद्गती.

म्हणून नव्या कथाकाराकडे माझे मागणे थोडके आहे. विधुर श्रद्धाळू असू दे, त्याच्या देवघरात पहिल्या बायकोचा फोटो असू दे. त्याचे दुःखही खरे असू दे. नटीने काम सोडावे की नाही, हे तिचे तिला ठरवू दे. फक्त एक प्रसंग त्याने जरूर लिहावा : लग्नाला वर्ष झाल्यावर ती एका सकाळी चप्पल घालते आणि कुठे निघालीस, असे त्याला विचारावेसे वाटते. तो कोणत्या सुरात विचारतो, यावर ती प्रेमकथा आहे की पिंजऱ्याची, हे ठरेल.