अकरावी प्रत

डोंबिवलीत कवी उदंड. मीही त्यांतलाच. पदरमोड करून संग्रह छापला, पलंगाखाली रचला आणि ओळखीपाळखीत ‘सप्रेम भेट’ देत सुटलो. २०१७ साली साहित्य संमेलन आमच्याच गावात भरलं, तेव्हा पिशवीत दहा प्रती घेऊन गेलो. अकरा घेऊन परतलो! एका कवीने आपली प्रत माझ्या गळ्यात मारली होती.

आता ठाण्याचे पी. सावळाराम बघा. नगराध्यक्षही झालेला माणूस. पण घरोघरी पोचला तो गाण्यांतून. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा गळा. कुणी म्हणेल, मग काय, तबकडीने काम केलं! पण तबकड्या पुष्कळांच्या निघाल्या. सावळारामांनी लेकीची पाठवणी करणाऱ्याच्या तोंडी येतील असे साधे, घरातले शब्द लिहिले. शब्द भाबडे आहेत, कबूल. पण ते गाणं लागलं की अख्खा मांडव डोळे पुसायचा आणि कवी कोण, हे विचारायचं कुणाला सुचायचंसुद्धा नाही. माझं नाव मात्र मुखपृष्ठावर चांगलं ठसठशीत आहे.

हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “तुमची कुठली कविता कुठल्या प्रसंगाला लावायची, तेवढं सांगून ठेवा.”

संग्रह चाळतो आहे.