वाङ्मयातील वादळ आणि डोंगरावरचे भात

आमच्या वाङ्मयात वादळांची वाण कधीच पडली नाही. नायिकेच्या अंतःकरणात ते उठते, नायकाच्या आयुष्यात ते घोंघावते, सभागृहात त्याचे पडसाद उमटतात. आणि दुसरीकडे कोठे जागा न मिळाल्यास चहाच्या पेल्यातही त्याची सोय लावता येते. इतक्या ठिकाणी राबणाऱ्या या शब्दास खऱ्या वाऱ्यापावसाच्या सेवेस हजर राहण्याची फुरसत मात्र क्वचितच मिळालेली दिसते. शेकडो किलोमीटरांचा किनारा लाभलेल्या प्रांताच्या वाङ्मयाविषयी असे म्हणावे लागावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हा प्रश्न अलीकडे सर्वांत आग्रहाने मांडला तो श्री. अमिताव घोष यांनी. त्यांचा ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ हा इंग्रजी निबंधग्रंथ २०१६ साली प्रसिद्ध झाला. १९७८ च्या मार्च महिन्यात दिल्लीत अकस्मात उठलेल्या एका झंझावातात श्री. घोष स्वतः सापडले होते. पुढे कादंबरीकार झाल्यावर त्या अनुभवाचा उपयोग करण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. परंतु तो कोणत्याच कथानकात बसेना. याचे कारण शोधता शोधता ते अशा निर्णयास आले की, आधुनिक कादंबरी ही मध्यमवर्गाच्या नियमित, संभाव्य व शिस्तशीर जीवनावर उभारलेली आहे. असंभाव्य ते सारे तिने अद्भुतकथांच्या दालनात ढकलून दिले. आणि म्हणून आज निसर्गच असंभाव्य रीतीने वागू लागला असता गंभीर लेखक त्यास घरात घेण्यास कचरतो.

हे निदान मार्मिक आहे, आणि त्याचा बराचसा भाग आम्हांस मान्य आहे. तथापि जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतून पाहिले असता ते अपुरे वाटते. श्री. घोष यांचे गाऱ्हाणे असे की वादळास वाङ्मयात प्रवेश नाही. आमचे म्हणणे असे की, ज्या वादळास प्रवेश मिळतो त्याचे स्वरूपच सदोष आहे. आमचे लेखक वादळ रंगवतात ते एका रात्रीचे. ज्यांना त्याच्या छायेत राहावयाचे आहे त्यांच्या वाट्यास मात्र ते संबंध ऋतूचे येते.

उदाहरणे थोरांचीच घेऊ, म्हणजे अन्याय होणार नाही. जोसेफ कॉनराड याच्या १९०२ सालच्या ‘टायफून’ या कथेत कल्पनाशक्तीचा लेशही नसलेला एक कप्तान आपले जहाज वादळातून सरळ हाकून नेतो. कथा अप्रतिम आहे. पण तेथे वादळ ही माणसाच्या स्वभावाची परीक्षा आहे, आणि परीक्षा संपताच परीक्षकाचे काम संपते. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या १९४२ सालच्या संग्रहातील ‘कोलंबसाचे गर्वगीत’ घ्या. त्यातील नाविकाची समुद्राशी असलेली बरोबरीची भाषा ऐकून कोणाची छाती भरून येणार नाही? परंतु ती भाषा ज्याला नवा किनारा गाठावयाचा आहे त्याची. ज्याला त्याच किनाऱ्यावर जन्म काढावयाचा आहे त्याची नव्हे. खुद्द श्री. घोष यांची ‘द हंग्री टाइड’ (२००४) ही सुंदरबनची कादंबरीही याच वाटेने जाते. तिच्या शेवटास चक्रीवादळ येते, आणि फकीर नावाचा मासेमार आपल्या देहाची ढाल करून नायिकेस वाचवतो व स्वतः प्राणास मुकतो. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे. पण त्यामुळेच वादळ हे कथेचे शिखर ठरते, आणि शिखरानंतर वाचक पुस्तक मिटतो.

आता प्रत्यक्षाकडे वळू. अरबी समुद्रात वर्षास सरासरी एखादे चक्रीवादळ व्हावे, असा जुना हिशेब. २०१९ साली तेथे पाच झाली : वायु, हिक्का, क्यार, महा आणि पवन. इतकी संख्या त्यापूर्वी नोंदली गेली ती १९०२ साली. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, सातपाटीसारख्या कोळ्यांच्या गावी, जून व जुलै हे महिने मासेमारीच्या बंदीचे. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामास सुरुवात व्हावयाची आणि पुढच्या चार महिन्यांत वर्षाची भर काढावयाची, असा क्रम. त्या वर्षी बंदरावर बावटा चढावा, होड्या माघारी याव्यात, बर्फ वितळून जावा, डिझेलचा व खलाशांच्या पगाराचा खर्च अंगावर बसावा, आणि बावटा उतरतो न उतरतो तोच दुसऱ्या वादळाची वर्दी यावी, हे पुनःपुन्हा घडले. यात बुडालेले जहाज नाही आणि वीरमरणही नाही. केवळ रिकामे दिवस आहेत. कथालेखकाने त्याचे काय करावे?

किनारा सोडून पूर्वेस चढू लागले म्हणजे जव्हारचे पठार लागते. त्याची उंची साडेचारशे मीटरांच्या आसपास. पलीकडे मोखाड्याचे डोंगर व वैतरणेची खोरी. येथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी या लोकांची वस्ती. यांचा आणि समुद्राचा संबंध काय, असे वाचक विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिळाले. ‘क्यार’ हे वादळ रत्नागिरीच्या पश्चिमेस समुद्रात बळावले, चक्रीवादळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीस पोहोचले आणि ओमानच्या रोखाने निघून गेले. महाराष्ट्राच्या भूमीवर त्याने पाऊलही ठेवले नाही. ते विरण्यापूर्वीच ‘महा’ उठले. तेही गुजरातकडे वळून बहुतांशी समुद्रातच क्षीण झाले. बातम्यांच्या भाषेत याला ‘धोका टळला’ असे म्हणतात.

तो टळला नव्हता. दिवाळीचे दिवस होते. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरास होते. हळवे भात कापून झालेले, गरवे कापणीस आलेले. कापलेले भात बांधून उडवी रचण्यापूर्वी दोनतीन उन्हे खाण्यासाठी खाचरातच पसरून ठेवावे लागते. त्या पसरलेल्या भातावर, उतारावरच्या नागली-वरईवर, या दोन दूरस्थ वादळांच्या ओढीने अवेळी पाऊस कोसळला. भिजलेल्या लोंबीला जागच्या जागी कोंब फुटतात, दाणा काळवंडतो, पेंढा कुजतो, म्हणजे गुरांचा चाराही जातो. छप्पर उडाले नाही, झाड पडले नाही, कोणी वाहून गेले नाही. वर्षाचे धान्य मात्र अंगणाच्या समोर, डोळ्यांदेखत, हळूहळू नासले.

याचा पुढचा अंक आणखी निःशब्द आहे. या डोंगरातील कुटुंबे सुगीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर भिवंडी, वसई, कल्याणकडे जातात. कणगीत धान्य असेल तर घरातले वडीलधारे मागे राहतात आणि मुले त्यांच्यापाशी राहून शाळेत जाऊ शकतात. कणगी रिकामी असेल तर उचल लवकर घ्यावी लागते, बिऱ्हाडच्या बिऱ्हाड निघते आणि शाळेतील जागा मोकळी पडते. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, जाहीर केली. म्हणजे एकरी सव्वातीन हजारांच्याही आत. तीही ज्याचे नाव उताऱ्यावर त्याला. जो डोंगरउतारावरचा तुकडा नुसताच कसतो, त्याच्या कोंब फुटलेल्या भाताचा पंचनामा कोणत्या रकान्यात करावयाचा?

यावर कोणी म्हणेल की, वाङ्मय म्हणजे पंचनामा नव्हे. अगदी मान्य. आकडे द्यावेत किंवा करुणेची वर्गणी गोळा करावी, अशी आमची मागणी नाही. मागणी आहे ती कालाच्या वेगळ्या मापाची. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात ‘निसर्ग’ आले तेव्हा आडव्या झालेल्या सुपारीच्या बागांचे वर्णन पुष्कळांनी केले. नव्याने लावलेले सुपारीचे रोप फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. कादंबरीला ती पाच-सात वर्षे हवीत. ती कोणी दिली?

आणि अशा लेखनास नमुनाच नाही, असेही नाही. वारल्यांच्या परंपरेत कणसरी ही धान्याची देवता आणि नारनदेव हा पावसाचा. म्हणजे धान्य आणि पाऊस ही तेथे पार्श्वभूमी नसून पात्रे आहेत. डहाणू तालुक्यातील थोर चित्रकार जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांची जाळ्याची चित्रे पाहा. साऱ्या पटावर जाळे पसरलेले, आणि त्याच्या कडेने अनेक लहान आकृती. नायक कोण हे सांगता येत नाही, आणि तसे सांगण्याची गरजही भासत नाही. एका शिखराभोवती न रचलेली, सर्वत्र सारखी ताणलेली ही रचना ऋतूचे चित्रण करू पाहणाऱ्या गद्यास काही शिकवू शकेल, असे आम्हांस वाटते.

गद्यातही या प्रदेशास एकदा न्याय मिळालेला आहे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाने वारल्यांच्या लढ्याची हकिकत महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवली. परंतु तेथे जुलूम करणाऱ्यास नाव व चेहरा होता. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यातील वादळे अलीकडच्या दशकांत संख्येने व जोराने वाढली आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. या तापण्याचा सावकार कोठल्या एका वाड्यात राहत नाही. त्याचा थोडाथोडा अंश ज्या घरांत आहे त्यांत पुण्या-मुंबईच्या वाचकांची, अर्थात् आमचीही, घरे येतात. हे लिहिणे अवघड आहे. पण अवघड म्हणून ते टाळले, तर श्री. घोष यांचा आरोप आमच्यावर अधिकच चिकटून बसेल.

तूर्त वाचकांनी एवढे तरी करावे. पुढल्या ऑक्टोबरात वादळ दुसऱ्या दिशेस वळल्याची बातमी वाचून वर्तमानपत्र खाली ठेवण्यापूर्वी, जव्हारकडे भात कापून झाले आहे काय आणि ते उडवीत गेले की अजून खाचरातच पडून आहे, हे स्वतःस विचारावे.