बालवाचनातील आदिवासी

मराठी मुलास प्राथमिक शाळेच्या वयात आदिवासी मनुष्य कोठे भेटतो, याचा विचार आमच्या सुशिक्षित कुटुंबांत सहसा होत नाही. तो बहुधा तीन ठिकाणी भेटतो: अंगठा कापून देणारा एकलव्य, उष्टी बोरे देणारी शबरी आणि वाटसरूंस लुटणारा वाल्या कोळी. पहिला गुरूपुढे नमतो, दुसरी देवापुढे, आणि तिसरा नारदाच्या उपदेशाने सुधारतो. तिघांसही गाव नाही, भाषा नाही, पूर्वज नाहीत. रानातून ते येतात आणि दुसऱ्या कोणाचा तरी मोठेपणा सिद्ध करून रानातच नाहीसे होतात.

या कथा मुलांस सांगूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार निराळी आहे. मूळ ग्रंथांनी या माणसांस जी प्रतिष्ठा दिली होती, तीही आमच्या बालवाङ्मयाने वाटेत सांडून टाकली आहे. महाभारताच्या आदिपर्वात एकलव्य हा निषादांचा राजा हिरण्यधनू याचा पुत्र आहे. राजपुत्राचा अंगठा मागितला जातो, तेव्हा त्या प्रसंगास राजकारणाची धार असते. आमच्या गोष्टींत तो कोणा भिल्लाचा भाबडा पोर होतो आणि ती धार बोथट होऊन केवळ गुरुभक्ती उरते. हिरण्यधनू हे नाव मुलांस जड जाते म्हणावे, तर धृष्टद्युम्न हे नाव तीच मुले अडखळल्यावाचून म्हणतात! शबरीचेही तसेच. वाल्मीकींच्या रामायणातील शबरी ही मतंगवनातील तपस्विनी आहे. चाखलेली बोरे तेथे नाहीत. वाल्याची कथा तर त्या ग्रंथात मुळीच नाही. अध्यात्मरामायणात ती येते, परंतु तेथील लुटारू जन्माने द्विज असून किरातांच्या संगतीत वाढलेला आहे. मराठीत येता येता तो सरळ कोळी झाला. ज्या वर्गात महादेव कोळ्यांचे मूल बसले आहे, त्या वर्गात गुरुजी ही गोष्ट रंगवून सांगतात, तेव्हा त्या मुलाने मान वर कशी करावी? २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक एक कोटी पाच लाखांवर आहेत. म्हणजे हे मूल कोठे तरी दूर डोंगरापलीकडेच असते, असे नाही.

आता इतिहासाकडे वळू. आमच्या छत्रपती संभाजीनगराहून शाळांच्या सहली अजिंठ्यास जातात. तेथे मुलांस सांगण्यात येते की, १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी शोधून काढली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्या गृहस्थाने आपले नाव आणि २८ एप्रिल ही तारीख कोरून ठेवली आहे, ती मुले कौतुकाने पाहतात. त्या काळी हे डोंगर भिल्लांचे होते. ज्यांच्या पायांखालची ती वाट, त्यांस लेणी ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? परंतु 'शोध' हा शब्द साहेबाच्या नावावर पडला तो पडलाच. १७७० साली कुक ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यास लागला, त्यासही तेथील शाळा कित्येक पिढ्या शोधच म्हणत आल्या. किनाऱ्यावर उभे राहून त्याचे जहाज पाहणारी माणसे त्या धड्यात नसत.

अजिंठ्याच्या रांगेपलीकडे खानदेश. तेथील भिल्लांस काबूत आणण्याकरिता औट्रम याने १८२५ साली भिल्लांचीच पलटण उभारली. पुढे सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ साली इंग्रजांवर उलटला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. त्यापूर्वी दहा वर्षे, २ मे १८४८ रोजी, राघोजी भांगरे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला होता. आणि बाबुराव शेडमाके या गोंड वीरास २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी झाली. एवढ्या लहान मुलांस सनावळी पेलणार नाही, असा आक्षेप येईल. परंतु चौथीच्या वर्गात आमची मुले अख्खे शिवचरित्र आनंदाने वाचत आली आहेत. तेथे जे पेलते ते येथेच का पेलू नये, हे आम्हांस कळत नाही.

तथापि फासावर गेलेल्यांची यादी तेवढी पुस्तकात घातली की काम झाले, असेही नव्हे. वारली चित्रांचे पाहा. हल्ली एकही शाळा अशी नसेल की जिच्या भिंतीवर त्या त्रिकोणी माणसांची रांग नाही. मुले ती झटपट शिकतात, शुभेच्छापत्रांच्या कडेला काढतात. पण गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्या चौकात पालघट देवी असते आणि ते लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते, हे त्यांस कोणी सांगत नाही. (लग्न लावणारी स्त्री! आमच्या सुधारकी घरांतही हे ऐकून भुवया वर जातील.) चित्र घेतले आणि माणूस भिंतीबाहेर ठेवला, असा हा प्रकार आहे. भाषेची गोष्टही अशीच. गोंडी ही तेलुगूच्या कुळातील, तर मेळघाटातील कोरकू थेट संथाळी-मुंडारीच्या गोतातील. नकाशा पुढे ठेवून हे सांगितले, तर दहा वर्षांच्या मुलास ती परीकथेहून अद्भुत वाटेल. आम्ही मात्र या भाषांस 'बोली' म्हणून एका शब्दात वाटेस लावतो.

वास्तविक वाट दाखविणारे आमच्यातच होऊन गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले व पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्या पाड्यावर न्यावी. ती गुरे राखतात, तेव्हा कुरणातच वर्ग भरवावा, हा त्यांचा विचार. शिक्षणाचे साहित्य म्हणून पाने, बिया, शिंपले, खडे. अनुताईंचे नाव आमच्या अध्यापनविद्यालयांत आदराने घेतले जाते, परंतु आदिवासी मुलास कसे शिकवावे या प्रकरणात. शहरातील मुलास त्या पाड्याविषयी काय शिकवावे, याकरिता त्या टेकडीकडे कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. वारली मुलास झाडांची, पाखरांची, पावसाच्या खुणांची जेवढी माहिती असते, तिचा एखादा धडा शहरातल्या पुस्तकात आला, आणि तो त्या मुलाच्याच तोंडून आला, तर तो लिहिण्यास पाड्यावर चार महिने राहणारा लेखक लागेल. असा लेखक पाठ्यपुस्तकाच्या मुदतीत मिळत नाही, ही अडचण आम्ही जाणतो. म्हणूनच मुदत वाढवावी असे आम्ही म्हणतो.