सिद्धतेच्या सीमा : ‘टाइम्ड ऑटोमॅटा’ सिद्धांताची एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकप्रणालींचा एक वर्ग असा आहे की, ज्यात उत्तर केवळ अचूक असून भागत नाही. ते ठरलेल्या मुदतीत यावे लागते. मोटारीतील एअरबॅग, हृदयाची गती सांभाळणारा पेसमेकर, रेल्वेची सिग्नल यंत्रणा ही त्याची परिचित उदाहरणे होत. येथे उशिरा आलेले अचूक उत्तर हे चुकीचेच उत्तर ठरते. अशा प्रणालींना रिअल-टाइम प्रणाली म्हणतात. त्यांच्या बाबतीत नेहमीची चाचणी अपुरी पडते. कारण चाचणीने दोष आहे एवढे दाखविता येते, दोष नाही हे सिद्ध करता येत नाही. या उणिवेतून औपचारिक पडताळणीची शाखा विकसित झाली. प्रणालीचे गणिती प्रतिमान तयार करावयाचे, अपेक्षित गुणधर्म तर्कशास्त्राच्या भाषेत मांडावयाचा आणि प्रतिमानाच्या सर्व संभाव्य वर्तनांत तो टिकतो की नाही हे संगणकाकडूनच तपासून घ्यावयाचे, ही तिची पद्धत. ‘मॉडेल चेकिंग’ या नावाने रूढ झालेल्या या पद्धतीबद्दल क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस यांना २००७ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

कालबद्ध प्रणालींपुरता या शाखेचा पाया राजीव अलूर व डेव्हिड डिल यांच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ थिअरी ऑफ टाइम्ड ऑटोमॅटा’ या निबंधाने घातला. अलूर यांचा जन्म पुण्याचा आणि पदवीचे शिक्षण कानपूरच्या आयआयटीमधील. या सिद्धांताने काय साध्य केले, त्यासाठी काळाविषयी कोणते गृहीतक स्वीकारले आणि प्रत्यक्ष घटनांच्या कसोटीवर ते कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सिद्धांताचे स्वरूप

पारंपरिक ऑटोमॅटा म्हणजे मर्यादित अवस्था व त्यांच्यातील संक्रमणे. अलूर व डिल यांनी त्यांना घड्याळांची जोड दिली. ही घड्याळे वास्तव संख्यांमध्ये वेळ मोजतात, सर्व एकाच गतीने पुढे सरकतात आणि संक्रमणाच्या वेळी त्यांना शून्यावर आणता येते. संक्रमण केव्हा घडू शकेल, यावर घड्याळाच्या वेळेची अट घालता येते.

समजा, एका रेल्वे फाटकाजवळ गाडीची चाहूल लागल्यापासून ती फाटकावर पोहोचण्यास किमान ६० सेकंद लागतात. नियंत्रकाकडून आदेश निघण्यास जास्तीत जास्त ३० सेकंद आणि फाटक पूर्ण उतरण्यास जास्तीत जास्त २० सेकंद लागतात. गाडी, नियंत्रक व फाटक यांचे प्रत्येकी एक प्रतिमान करून त्यांची जोडणी केली की, ‘गाडी फाटकावर असताना फाटक उघडे असणे कधीच शक्य नाही’ हे विधान तपासता येते. हे उदाहरण बोटांवर सोडविण्याइतके सोपे आहे. परंतु दोन मार्ग, चार गाड्या आणि एकमेकांत मिसळणारे विलंब आले की मानवी अंदाज तोकडा पडतो.

येथे अडचण अशी की, वेळ सलग असल्याने अवस्थांची संख्या अनंत होते. यावरचा तोडगा हे या निबंधाचे मोठे यश होय. घड्याळात २.३१ वाजले आहेत की २.३२, याने अटींचा निकाल बदलत नाही. महत्त्व असते ते पूर्णांक भागाला आणि कोणते घड्याळ पुढचा पूर्णांक आधी गाठणार या क्रमाला. या निरीक्षणाच्या आधारे अनंत अवस्थांचे मर्यादित गट पाडता येतात आणि ‘अमुक धोकादायक अवस्था गाठली जाऊ शकते काय?’ या प्रश्नाचे निश्चित उत्तर यांत्रिक रीतीने मिळविता येते. या सामर्थ्याची किंमतही निबंधात प्रांजळपणे नोंदविली आहे. घड्याळांच्या संख्येबरोबर गटांची संख्या झपाट्याने फुगते. तसेच एका ऑटोमॅटाची सर्व वर्तने दुसऱ्यात सामावलेली आहेत काय, हा प्रश्न सर्वसाधारण रूपात अनिर्णेय आहे.

उपयोजनातील यश

हा सिद्धांत कागदावर राहिला नाही. स्वीडनमधील उप्साला व डेन्मार्कमधील आल्बोर्ग या विद्यापीठांनी मिळून १९९५ साली ‘उप्पाल’ हे साधन सिद्ध केले. बँग अँड ओलुफसेन या डॅनिश कंपनीच्या ध्वनि-चित्र उपकरणांतील संदेशवहनाच्या नियमावलीत एक दोष सुमारे दहा वर्षे ठाऊक होता. त्यामुळे माहिती गहाळ होई. पण नेमके कारण चाचण्यांतून हाती लागत नव्हते. १९९७ साली उप्पालच्या साहाय्याने या नियमावलीचे प्रतिमान करण्यात आले. दोषाकडे नेणारा घटनाक्रम सापडला आणि दुरुस्त नियमावलीचीही पडताळणी झाली. ‘नाही’ असे उत्तर देताना ही पद्धत त्याचे प्रतिउदाहरणही हाती ठेवते. दोष शोधणारे साधन म्हणून तिची योग्यता त्यामुळे वादातीत आहे.

‘होय’ या उत्तराचे मात्र तसे नाही. प्रतिउदाहरण प्रत्यक्ष यंत्रावर ताडून पाहता येते. सिद्धता केवळ प्रतिमानाबद्दल बोलते. चिकित्सेची खरी गरज येथे सुरू होते.

काळाविषयीचे गृहीतक

पहिला आक्षेप घड्याळांच्या परिपूर्णतेबद्दल आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला इराकी स्कड अडविता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत सांत रूपात लिहिता येत नाही. ती २४ बिटांत बसविताना अतिसूक्ष्म चूक राही. यंत्रणा सलग १०० तासांहून अधिक काळ चालू राहिल्याने ही चूक साचत सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. सुधारित सॉफ्टवेअर धहरानला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. टाइम्ड ऑटोमॅटामध्ये घड्याळ ही चूक करूच शकत नाही. कारण ते गणिताचे घड्याळ आहे. दोष ज्या ठिकाणी होता, नेमके तेच ठिकाण प्रतिमान निर्दोष मानून चालते. अनुज पुरी यांनी १९९८ साली याच प्रश्नाची सैद्धांतिक बाजू पुढे आणली. घड्याळांच्या गतीत कितीही अल्प फरक मानला, तरी पुनःपुन्हा घडणाऱ्या चक्रांत तो साचत जाऊन आदर्श प्रतिमानात अगम्य असलेली अवस्था गम्य होऊ शकते, असे त्यांनी दाखविले.

दुसरा आक्षेप घड्याळ थांबत नाही याबद्दल आहे. प्रत्यक्ष प्रणालीत एकच प्रक्रियक अनेक कामे हाताळतो आणि तातडीचे काम आले की चालू काम बाजूला ठेवतो. बाजूला पडलेल्या कामाने किती वेळ खाल्ला हे मोजण्यासाठी थांबणारे घड्याळ लागते. परंतु अशी घड्याळे आणताच गम्यतेचा प्रश्न सर्वसाधारण रूपात अनिर्णेय होतो. ही अडचण निव्वळ तात्त्विक नाही. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार स्वतःला नव्याने सुरू करू लागला. कमी प्राधान्याच्या हवामानविषयक कामाने सामायिक साधन धरून ठेवले होते. मध्यम प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि उच्च प्राधान्याचे काम त्या साधनाची वाट पाहत मुदत चुकवीत होते. यावरचा ‘प्राधान्य-वारसा’ हा उपाय शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनी १९९० सालीच सविस्तर मांडला होता आणि यानाच्या कार्यप्रणालीतही तो उपलब्ध होता. फक्त तो चालू केलेला नव्हता. पृथ्वीवरून आदेश पाठवून तो चालू करण्यात आला. वेळापत्रकाचा सिद्धांत आणि ऑटोमॅटाचा सिद्धांत ही दोन स्वतंत्र दालने मानून चालणार नाही, हा या प्रसंगाचा बोध होय.

तिसरा आक्षेप प्रतिमानाच्या कुंपणाबद्दल आहे. नासाच्या डीप स्पेस-१ यानासाठी तयार केलेल्या ‘रिमोट एजंट’ या सॉफ्टवेअरच्या एका भागाची १९९७ साली मॉडेल चेकिंगने तपासणी झाली आणि पाच दोष सापडले. मे १९९९ मध्ये उड्डाणात सॉफ्टवेअर अडकून पडले. कारण होते त्याच जातीचा एक दोष. मात्र तो तपासणीत न घेतलेल्या भागात होता. पद्धत चुकली नव्हती. तिची नजर जेथवर नेली होती, तेथवरच तिने पाहिले होते.

आक्षेपांचे मूल्यमापन

यावर असे म्हणता येईल की, प्रत्येक शास्त्र आदर्शीकरणावरच उभे असते. घर्षणरहित पृष्ठभागाशिवाय यांत्रिकी शिकविता येत नाही. हा युक्तिवाद रास्त आहे, पण अपुरा आहे. पूल बांधणारा अभियंता आदर्श गणित आणि प्रत्यक्ष पोलाद यांतील अंतर सुरक्षा-गुणकाच्या रूपाने आकड्यात मांडतो. टाइम्ड ऑटोमॅटाचे उत्तर मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. ३० सेकंदांच्या विलंबाने सिद्ध झालेले फाटक आणि ३९.९ सेकंदांच्या विलंबाने सिद्ध झालेले फाटक या दोहोंना ते सारखेच प्रमाणपत्र देते. पहिल्यात दहा सेकंदांची सवड आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही, हे त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही.

सिद्धांताच्या अंगभूत सामर्थ्याची खूण अशी की, यावरची उत्तरे त्याच्याच परंपरेतून येत आहेत. पुरी यांच्यानंतर डी वुल्फ, दोयेन व रास्कँ यांनी २००४ साली नियंत्रकाचा प्रतिसाद तत्क्षणी न मानता त्याला अल्प, पण शून्याहून मोठा विलंब देणारी मांडणी केली. तीत ‘सुरक्षित आहे काय?’ याऐवजी ‘किती विलंबापर्यंत सुरक्षित आहे?’ असा प्रश्न विचारता येतो. प्रश्नातील हा बदल लहान दिसला, तरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्णायक आहे.

निष्कर्ष

अलूर व डिल यांच्या सिद्धांताने सलग काळाला मर्यादित तर्काच्या कक्षेत आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्याच्या आधारे दिलेली सिद्धता ही प्रतिमानाची सिद्धता असते, यंत्राची नव्हे, हे भान सुटले तर मात्र तीच सिद्धता धोकादायक ठरते; कारण ती शंका घेण्याची सवय मोडते. महाराष्ट्रात हा विषय परका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कालावधी-तर्कशास्त्रावर आधारित ‘डीसीव्हॅलिड’ हे साधन घडले. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात पडताळणीची साधने शिकविताना विद्यार्थ्याने निकालासोबत तीन गोष्टी लिहून द्याव्यात अशी अट घालणे सहज शक्य आहे : घड्याळाविषयी काय गृहीत धरले, कोणता भाग प्रतिमानाबाहेर ठेवला आणि मुदतीपूर्वी किती सवड उरली. या तीन ओळींवाचून दिलेले ‘सिद्ध झाले’ हे उत्तर व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी शास्त्रदृष्ट्या अपूर्णच मानावे लागेल.