चाल कोणाची, नाव कोणाचे

इंडस्ट्रियल रॉकच्या चाहत्यांमध्ये एक वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. ट्रेंट रेझनरचा नाइन इंच नेल्स हा बँड अस्सल मानायचा, की उसनवारीवर मोठा झालेला? 1989 मध्ये ‘प्रिटी हेट मशीन’ आला तेव्हा त्यात नवे काय होते, असे एक बाजू विचारते. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने 1976 मध्येच इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही कंपनी काढून या प्रकाराला नाव दिले होते. पश्चिम बर्लिनचा आइनश्टुर्त्सेन्डे नॉयबाउटेन हा बँड 1980 पासून भंगारातले पत्रे आणि ड्रिल मशीन वाद्यांसारखी वापरत होता. शिकागोच्या मिनिस्ट्रीने 1988 पर्यंत यंत्राच्या ठेक्याला गिटारची जोड दिली होती. रेझनरने हे सगळे गाळून, मऊ करून बाजारात नेले, असा या बाजूचा आरोप. दुसरी बाजू म्हणते, आवाज सगळ्यांकडे होता, गाणे याच्याकडे होते. दोन्ही बाजू अल्बमच्या तारखा पुढे करून भांडतात, कारण जो आधी आला तो मालक, हे दोघांनीही न तपासता मान्य केले आहे. हे गृहीतकच या संगीताला लागू पडत नाही, असे माझे म्हणणे आहे. इथे प्रत्येकाने कोणाकडून तरी घेतलेले आहे. तेव्हा बँडचे मोल ठरवताना त्याने कोणाकडून घेतले, ते नाव घेऊन सांगितले का आणि ज्याचे घेतले त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोचला का, हे पाहायला हवे.

या कसोटीवर रेझनर चाहत्यांना वाटतो त्यापेक्षा बरा उतरतो. ‘डाउन इन इट’ या आपल्या पहिल्या सिंगलमध्ये कॅनडाच्या स्किनी पपी या बँडच्या ‘डिग इट’ची नक्कल आहे, हे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. 2008 मध्ये त्याने ‘घोस्ट्स’ हा शब्दांविना वाद्यसंगीताचा मोठा संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. त्यातला बँजोसारखा वाजणारा एक तुकडा यंगकिओ या डच तरुणाने उचलला, त्यावर ठेका बांधला, तो ठेका लिल नास एक्स या अमेरिकन पोराने घेतला आणि ‘ओल्ड टाउन रोड’ तयार झाले. 2019 मध्ये ते गाणे बिलबोर्डच्या यादीत सलग 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गीतकार-संगीतकारांच्या नावांत रेझनर आणि ‘घोस्ट्स’मधला त्याचा साथीदार अ‍ॅटिकस रॉस ही नावे रीतसर आहेत. प्रभाव म्हणतात तो असा कागदावर दिसतो. अर्थात रेझनरपाशी वकील आहेत, व्यवस्थापक आहेत, त्याच्या नावाला वजन आहे. देणाऱ्यापाशी यातले काहीच नसते, तेव्हा हीच कसोटी कशी लागते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर लंडन-शिकागोत सापडत नाही. ते उत्तर चेन्नईत शोधण्यासारखे आहे.

तिकडे वळण्याआधी ‘इंडस्ट्रियल’ या बिरुदाचा हिशेब करून टाकू. या संगीताला नाव कारखान्याचे असले तरी ते कारखान्यात जन्मले नाही. थ्रॉबिंग ग्रिसलची मंडळी परफॉर्मन्स आर्टमधून आलेली होती. लंडनच्या हॅक्नी भागात एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत त्यांचा स्टुडिओ होता आणि त्याला त्यांनी ‘डेथ फॅक्टरी’ म्हटले होते. यंत्राचा आवाज त्यांना कलेची सामग्री म्हणून हवा होता. ज्यांचे कान त्या आवाजाने खरोखर बधिर झाले, त्यांनी तो गाण्यात आणला नाही. मुंबईच्या गिरणगावात साचेखात्यातला खडखडाट पाळीभर ऐकून आलेला कामगार संध्याकाळी भजनाला, दशावताराला, तमाशाला बसे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्या हाती डफ आणि ढोलकीच होती. ब्रिटनमध्ये याला एक मोठा अपवाद सापडतो. पत्रे आणि लोखंड बडवणारा टेस्ट डिपार्टमेंट हा लंडनचा बँड 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात साउथ वेल्समधल्या संपकऱ्यांच्या गायनवृंदाबरोबर उभा राहिला आणि 1985 मध्ये दोघांनी मिळून ‘शोल्डर टू शोल्डर’ ही रेकॉर्ड काढली. मुखपृष्ठावर बँड आणि गायनवृंद, दोघांचीही नावे आहेत. या संगीतप्रकाराच्या इतिहासातला सर्वांत उंच क्षण मी हाच मानतो, आणि त्याचे कारण पत्र्याच्या आवाजात नाही.

आता चेन्नई. सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट स्थानकातून उत्तरेकडे जाणारी लोकल गुम्मिडिपूंडीला संपते. कोरुक्कुपेट, तोंडियारपेट, तिरुवोट्टियूर, एन्नोर, अत्तिपट्टू, मिंजूर, पोन्नेरी अशी ही वाट आहे. तिरुवोट्टियूरला रॉयल एनफिल्डचा जुना कारखाना, एन्नोरला अशोक लेलँड, अत्तिपट्टूला औष्णिक वीजकेंद्र, आणि शेवटी गुम्मिडिपूंडीला सिपकॉटची औद्योगिक वसाहत, म्हणजे आपल्याकडच्या एमआयडीसीचे तमिळ भावंड. जागेवरून नाव द्यायचे तर भारतातले इंडस्ट्रियल रॉक या पट्ट्यात जन्मायला हवे होते. उत्तर चेन्नईच्या कामगार वस्त्यांतून निघालेल्या गाण्याला मात्र ‘गाना’ म्हणतात, आणि त्यात यंत्राचा आवाज नाही. मयताच्या घरी रात्र जागवताना म्हटली जाणारी गाणी, प्रेमाची, दारूची, बेकारीची गाणी, त्या भागाच्या खास बोलीत. 1990 च्या दशकात देवा या संगीतकाराने गाना तमिळ सिनेमात लोकप्रिय केला. ठेका आणि बोली पडद्यावर गेली, गल्लीत गाणारे मात्र फार थोडे गेले.

2017 मध्ये दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम या संस्थेने आणि संगीतकार तेन्मा यांनी मिळून ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा केला, आणि 6 जानेवारी 2018 रोजी चेन्नईत त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. एकोणीस जण होते. गाना गाणारे, रॅप करणारे, गिटार आणि ड्रम वाजवणारे, सोबत सट्टी, कट्टा मोळम, तविल आणि पराई ही तालवाद्ये. पराई म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेले कातडे. वाजवण्याआधी विस्तवावर शेकून ते कडक करतात, मग एका हातातल्या लांब बारीक काडीने आणि दुसऱ्या हातातल्या आखूड जाड काडीने वाजवतात. हलगी पाहिलेल्या मराठी माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. ती कोणी वाजवायची, कोणाच्या मयताला वाजवायची आणि वाजवून झाल्यावर कुठे उभे राहायचे, हेसुद्धा दोन्हीकडे जातीने ठरवलेले होते. असे वाद्य चेन्नईत मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे कर्नाटक संगीताच्या सभा भरतात त्या दिवसांत, ड्रमकिटच्या बरोबरीने माइकसमोर आले. बँडचे नावही उसने आहे आणि ते उघडपणे घेतलेले आहे. ज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जातिभेद न मानणारे तमिळ अशी ओळख मांडली आणि 1907 मध्ये ‘ओरु पैसा तमिळन’ हे साप्ताहिक काढले, त्या अयोत्तिदास पंडितरांकडून ते आले आहे.

या बँडवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींत काही तथ्य आहे. हे इंडस्ट्रियल रॉक नाही, हा पहिला. शैलीची व्याख्या आवाजावरून करायची तर खरेच नाही. पण मग गिरण्या, गोद्या आणि वीजकेंद्रांच्या सावलीतले गाणे या नावातून बाहेर राहते आणि परफॉर्मन्स आर्टवाल्यांनी तयार केलेला कारखान्याचा आभास आत येतो. अशा व्याख्येवर अडून बसण्यात मला अर्थ दिसत नाही. दुसरा आक्षेप, हा बँड आपोआप जमला नाही, एका नामवंत दिग्दर्शकाने चाचण्या घेऊन निवडला. रॉकच्या चाहत्यांना गॅरेजमध्ये जमलेली चार मित्रांची टोळी हवी असते. पण ज्यांच्याकडे गॅरेज नाही, अँप्लिफायर नाही आणि पराईवाला नि गिटारवाला सहज भेटतील अशी जागाही नाही, त्यांना कोणीतरी एकत्र आणल्याशिवाय ते एकत्र येणार कसे? लाल बावटा कलापथकामागेही पक्ष होता. त्याने अण्णाभाऊंचे गाणे खोटे ठरले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. यांचे शब्द धारदार, पण संगीत इकडून तिकडून घेतलेले. आशयाच्या जोरावर संगीतातली उणीव झाकली जाते. हा आक्षेप आपल्याकडे फार जुना आहे. आंबेडकरी जलशांनी सिनेमाच्या चालींवर गाणी बांधली, तेव्हा हीच नाके मुरडली गेली होती. पण तिथे चाल लपवून घेतली नव्हती. श्रोत्याला ती आधीच पाठ होती, म्हणून नवे शब्द एका रात्रीत वस्तीभर पसरत. उसनवारी हेच तिथले तंत्र होते, आणि त्याच परंपरेतून वामनदादा कर्डकांसारखा कवी उभा राहिला. कास्टलेस कलेक्टिव्हचा रॉक असाच वापरलेला आहे. तो शहरातल्या तरुणाला आधीच ठाऊक आहे, म्हणून आरक्षणावरचे ‘कोटा’सारखे गाणे त्याच्यापर्यंत पोचते. तरी आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. जिथे पराई आणि सट्टी ठेका चालवतात आणि गिटार मागून येते, तिथे हा बँड दुसऱ्या कोणासारखा वाटत नाही. जिथे गिटारच पुढे होते आणि तालवाद्ये सजावटीला उरतात, तिथे तो कुठल्याही शहरातला सफाईदार फ्यूजन बँड होतो. ही तफावत कानाला स्पष्ट कळते, आणि उद्देश चांगला होता म्हणून ती सोडून देता येत नाही.

ऋणाच्या कसोटीवरची खरी परीक्षा बँडच्या बाहेर झाली. याच बँडमधला कवी-रॅपर अरिवु याने गायिका धीबरोबर गायलेले, संतोष नारायणन यांनी संगीतबद्ध केलेले ‘एंजॉय एंजामी’ मार्च 2021 मध्ये आले. त्यात अरिवुची आजी वल्लियम्मा आहे. भूमिहीन म्हणून श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांवर गेलेल्या आणि रिकाम्या हातांनी परतलेल्या लोकांची ती गोष्ट आहे, आणि तिचा गळा ओप्पारीचा, म्हणजे मयतावर बायका करतात त्या विलापाचा. गाणे कोट्यवधी लोकांनी ऐकले. ऑगस्ट 2021 मध्ये रोलिंग स्टोन इंडियाच्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या संदर्भात धी आली, अरिवु नव्हता. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर त्याचे स्वतंत्र डिजिटल मुखपृष्ठ निघाले. जुलै 2022 मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनाला हे गाणे त्याच्याशिवाय सादर झाले. तेव्हा त्याने जाहीर लिहिले की हे आपण रचले, लिहिले, गायले आणि सादर केले. ही तिघांची सहनिर्मिती आहे आणि वाटा तिघांत समान आहे, असे उत्तर संतोष नारायणन यांनी दिले.

चाहत्यांच्या दोन फळ्या पडल्या. चाल आधी कोणाला सुचली, हेच दोघांनाही शोधायचे होते, म्हणजे रेझनरच्या चाहत्यांचेच गृहीतक पुन्हा आले. स्टुडिओत तिघे बसून केलेल्या गाण्यात त्याचा निकाल बाहेरच्याने लावू नये. बाहेरच्याला जे दिसत होते तेवढ्यावर मात्र बोलता येते. ज्याच्या घरातून गाण्याची गोष्ट आली, तो मुखपृष्ठावर आणि मंचावर नव्हता. नाव राहणे ही अनवधानाची चूक असेल, तरी ती कोणाच्या बाबतीत होते याचा क्रम पराईवाल्याच्या काळापासून ठरलेला आहे. पुढे मार्च 2024 मध्ये संतोष नारायणन यांनीच सांगितले की या गाण्याचा एक रुपयाही आपल्याला, धीला किंवा अरिवुला मिळालेला नाही. म्हणजे श्रेयासाठी जे एकमेकांशी भांडत होते ते मोबदल्याच्या बाबतीत एकाच रांगेत होते. ‘ओल्ड टाउन रोड’शेजारी हे ठेवून पाहावे. तिथे एका डच पोराने उचललेल्या तुकड्याचे मोल रेझनरपर्यंत पोचले. इथे आजीची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्याला ते मिळाले नाही.

यावर कोणी म्हणेल, नावे छापणे आणि पैसे वाटणे हा हिशेबनिसाचा विषय, समीक्षकाचा नव्हे. सगळ्यांची नावे नीट देऊनही गाणे टाकाऊ असू शकते. असू शकते, आणि गाण्याचा दर्जा कानानेच ठरवायचा, हे वर केलेच आहे. पण अस्सलपणाचा दावा हा गाण्याच्या जन्माविषयीचा दावा आहे, आणि जन्माची नोंद जिथे होते तिथे तो तपासावाच लागतो. ओप्पारी गाणाऱ्या बायकांच्या पिढ्यांची नोंद तर कोणत्याच रेकॉर्डवर नाही. ऑलिंपियाडच्या मंचावर किडाकुळी मारियम्माळ या लोकगायिका होत्या, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. कास्टलेस कलेक्टिव्हलाही इथे सूट मिळत नाही. एकोणीस जणांत सुरुवातीला बाई एकच होती, इसैवाणी, आणि पुरुषांच्या मानल्या गेलेल्या गाना प्रकारात ती एकटीच उभी राहिली. 2020 मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचे नाव आले. 2018 मधल्या ‘आय अ‍ॅम सॉरी अय्यप्पा’ या गाण्यावरून नोव्हेंबर 2024 मध्ये तिला धमक्या आल्या. गाण्यामागे बँड, दिग्दर्शक आणि संस्था होत्या, रोख मात्र गाणाऱ्या बाईवर होता. बँडचा प्रभाव मोजायचा तर मी दोन ठिकाणी पाहीन. 2020 पासून नीलम डिसेंबरमध्ये ‘मार्गळियिल मक्कळिसै’ हा लोकसंगीताचा महोत्सव भरवते, त्यात गाना, ओप्पारी आणि पराईवाल्यांना मंच मिळतो, ही एक. आणि इसैवाणीनंतर गाना गायला किती मुली पुढे येतात, ही दुसरी.